तेवीस नंबरचं औषध

माझ्या लेकीनं कॅन्सरचं औषध शोधलं नाही. एवढं एकच वाक्य मले चौदा एप्रिलले स्टेजवर उभं राहून म्हणता आलं असतं. माईक हातात होता, सारं गाव समोर बसलं होतं. पण मी काय म्हणलं, तर "जानेफळच्या मातीत सोनं पिकते!" आणि टाळ्या घेऊन खाली उतरलो. मले माझाच किती राग येते ते विचारू नका.

मी जानराव. एकतीस वर्ष एस्टीत कंडक्टर होतो, मेहकर डेपोले. आता रिटायर झालो. आवाज मोठा, डोकं गरम आणि तोंडाले झाकण नाही. हे मी नाही म्हणत, माझी बायको भिमाबाई म्हणते, आणि तीही चार लोकांसमोर म्हणते. आमाले एकच लेक, समता. नागपूरले औषधशास्त्रात पीएचडी करते.

त्या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीत ती घरी आली तं दिवसभर लॅपटॉप उघडून बसे. स्क्रीनवर रंगीबेरंगी रिबिनीचं गुंडाळं, ते इकडून फिरव, तिकडून फिरव. मी म्हणलं, "बाई, सरकार तुले याच्यासाठी पैसे देऊन राह्यलं काय?"

ती हासली. म्हणे, "बाबा, बसा. सांगते." आणि तिनं जे सांगतलं ते मले बरोबर समजलं, म्हणून तुम्हालेही समजन. आपल्या शरीरातली एक पेशी फुटते आणि तिच्या दोन होतात. फुटायच्या टायमाले पेशीच्या आत बारीक दोऱ्या तयार होतात आणि अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे ओढून नेतात. त्या दोऱ्या ज्या मण्यांच्या बनतात त्याले ट्युब्युलिन म्हणतात. कॅन्सरची पेशी थांबतच नाही, फुटतच राह्यते, म्हणून तिले दोऱ्या सारख्या लागतात. आता त्या मण्यात एक खोबण असते. त्या खोबणीत बरोबर बसन असा पदार्थ सापडला, तर मण्याले मणी जुळत नाही. दोरी होत नाही. पेशी तिथंच मरते.

"मंग बसव ना त्या खोबणीत," मी म्हणलं. "वाट काऊन पाहून राह्यली?"

"बसवलं ना बाबा, कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरमध्ये सगळंच बसते. मंग ते खरंखुरं बनवा, मंग काचेच्या ताटलीतल्या पेशींवर टाका, मंग उंदरावर, आणि मंग कुठं माणसावर. दहा-बारा वर्ष जातात. आणि एवढं करून शंभरातलं एक टिकन याचीही गॅरंटी नाही."

तिनं कॉम्प्युटरवर सेहेचाळीस पदार्थ आखले होते. त्यातले पाच-सहा लॅबमध्ये बनवले. त्यातला तेवीस नंबर ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी मारू लागला. फेब्रुवारीत ते कोण्या इंग्रजी मासिकात छापून आलं, तिनं आमाले फोटो पाठवला, खाली तिचं नाव. भिमाबाई त्या फोनवरून हात फिरवत बसली. मी मात्र फोन उचलला आणि सरळ बसस्टँडवरची पानटपरी गाठली.

तिथं पेपरवाला पोरगा बसला होता. त्याले मी फोटो दाखवला. त्यानं विचारलं, "काका, म्हणजे कॅन्सरवर औषध सापडलं?" मी म्हणलं, "तं काय मंग!" दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'जानेफळच्या लेकीनं शोधलं कॅन्सरवर औषध'. सकाळी आठ वाजता समताचा फोन. "बाबा, हे काय छापून आणलं? ताटलीतल्या पेशी तं फिनाईलनंही मरतात! आजच्या आज त्यांले दुरुस्ती छापायले सांगा."

मी म्हणलं, सांगतो. नाही सांगतलं.

मंग जयंती आली. आमच्या वस्तीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, वीस फुटी. वर बाबासाहेब, खाली समता, आणि तोच मथळा. गावात फ्लेक्स कशाचे लागत नाहीत? वाढदिवसाचे लागतात, शुभेच्छांचे लागतात. फ्लेक्सवरचं कोणी खरं धरत नाही, असं मी समताले म्हणलं. ती शाल-श्रीफळ घ्यायलेच तयार नव्हती. तिच्या माईनं, भिमाबाईनं, डोळ्यात पाणी आणलं म्हणून स्टेजवर बसली, आणि बोलायले उठली तं म्हणे, "हे औषध नाही, ही फक्त सुरुवात आहे." तेवढ्यात जयभीमच्या घोषणा झाल्या, टाळ्या झाल्या, आणि तिचं वाक्य त्यात बुडालं. तिच्या मागून माईक मी घेतला. काय म्हणलं ते वर सांगतलंच.

पहिल्या रांगेत शालूबाई बसली होती. डोक्याले घट्ट रुमाल, कारण केस गेले होते.

शालूबाई म्हणजे उकंडरावची बायको. खामगाव रोडले त्यांचं वावर आहे. वीस वर्ष ती माझ्या गाडीनं भाजीच्या टोपल्या घेऊन मेहकरच्या बाजारात गेली. टोपल्या मागच्या सीटखाली, आणि ती माझ्या सीटजवळ उभी राहून मले साऱ्या गावाच्या बातम्या देणार. मले भाऊ म्हणे. राखीले दोडके आणे आणि म्हणे, "राखी इकत घेऊन कोण पैसे घालवते, हे खा." अशी बाई. हासली तं पूर्ण गाडी वळून पाहे.

तिच्या छातीत गाठ निघाली होती. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, बारा सलाईन घ्या, दर हप्त्याले एक. गाठ बारीक झाली की मंग ऑपरेशन. चांगलं होऊ शकते, वेळेत आल्या. जयंतीपर्यंत तिच्या पाच झाल्या होत्या. पण सलाईननं तिचे हातपाय बधिर पडत. एकदा पोळी उलटताना बोट तव्यावर टेकलं, तिले कळलंच नाही. चामडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिनं खाली पाह्यलं.

कार्यक्रम झाल्यावर ती समताजवळ येऊन बसली. मी तिथंच होतो. समतानं तिचं बोट हातात घेतलं आणि सांगतलं, "काकू, तुमच्या सलाईनीतलं औषधही ह्याच मण्यांवर बसते. पण आपल्या नसांमध्येही त्याच दोऱ्या असतात, म्हणून बोटं बधिर होतात. डॉक्टरले सांगा, ते मात्रा कमी करतील. पण बंद करू नका."

"आणि तुह्या औषधानं बोटं जात नाहीत काय?"

"तसंच बनवायचा प्रयत्न आहे काकू. अजून लय दूर आहे."

शालूबाईनं मान हलवली. मले वाटलं तिले समजलं.

जुलैच्या शेवटी एका दुपारी समताचा फोन आला. आवाज बसलेला. "बाबा, तेवीस नंबर गेला."

"गेला म्हणजे?"

"उंदरांच्या लिव्हरनं अर्ध्या तासात त्याचा भुगा केला. रक्तात टिकतच नाही. मात्रा वाढवली तं उंदरंच मरतात. दोन वर्ष गेली बाबा." आणि ती रडायले लागली. लहानपणी पडली तरी न रडणारी पोट्टी. मी म्हणलं, "बाई, पंचेचाळीस बाकी आहेत ना. कर पुन्हा." ती नाक पुसत हासली आणि म्हणे, "माईले सांगा." मी भिमाबाईले सांगतलं नाही. कोणालेच नाही सांगतलं. चौकात फ्लेक्स तसाच होता, उन्हानं जरा पांढरा पडला होता एवढंच. टपरीवर गेलो की लोक म्हणत, "या, डॉक्टरचे बाप." मले तो मोह सुटत नव्हता, खरं सांगतो. एकतीस वर्ष लोकांनी मले "ए कंडक्टर" म्हणलं होतं.

श्रावणात, राखीच्या दोन दिवस आधी, शालूबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. सोबत दोडके. भिमाबाई विहारात गेली होती. शालूबाईनं पदराच्या गाठीतून सुई काढली, दोरा काढला, आणि माझ्या समोर एका झटक्यात सुईत दोरा ओवला.

"पाह्यलं का भाऊ?" लहान पोरीसारखी खुश. "बोटं परत आली माही. कालदी वाकळीले दोन हात धागा घातला. चटका लागते, काटा टोचते, सारं समजते."

"वा वा," मी म्हणलं. "सलाईन संपल्या वाटते."

"संपल्या कायच्या! सोडल्या म्या. जयंती झाली तशी गेलीच नाही. पाच का सहा झाल्या, बस झालं. हे म्हणे जाऊ, म्या म्हणलं, आपल्या समताचं औषध येऊनच राह्यलं, तं काऊन जीव जाळू?" मंग ती जराशी पुढं वाकली. "केव्हा येईन हो भाऊ?"

आता हे ऐका. स्टँडवर गाडी बंद पडली, दुसरी डेपोतून निघालीच नाही, आणि शंभर लोक अंगावर येतात, गाडी केव्हा येईन? तेव्हा कंडक्टर काय म्हणते? "येऊन राह्यली." माहीत असो का नसो. नाही म्हणलं तं लोक शर्टाले धरतात. येऊन राह्यली म्हणलं की माणूस पिशवी खाली ठेवते आणि बसते. एकतीस वर्ष मी हे म्हणत आलो, आणि कधी कोणाचं काही बिघडलं नाही. तीन तास उशीर झाला, एवढंच.

मी शालूबाईच्या तोंडाकडे पाह्यलं. तेवीस नंबर गेला होता. मले पक्कं माहीत होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "येऊन राह्यलं."

"पण केव्हापर्यंत?"

"दिवाळीपर्यंत."

तिनं दोडके ठेवले आणि गेली. जाताना म्हणे, "पहिलं मलेच देजा, वशिला लावा." मी हासलो. दोडके तिथंच ठेवून अर्धा तास बसलो.

तिले खरं सांगायले मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ती भुईमूग निंदत होती आणि गाणं म्हणून राह्यली होती. कोणी गाणं म्हणत असताना कसं सांगू? दुसऱ्यांदा तिची लेक काजल सासरहून आली होती, घर भरलेलं. तिसऱ्यांदा मी दारापर्यंत गेलो, ती आत खोकत होती. तो खोकला ऐकला आणि मी भ्यालो. परत फिरलो. भित्रा साला! बिनतिकिटाच्या पहिलवानांले भर रस्त्यात उतरवणारा मी, आणि एका बाईच्या दारातून पळालो.

दिवाळीत समता आली. फराळाचा डबा घेऊन शालूबाईले भेटायले गेली आणि दहा मिनिटात तशीच परत आली, डबा हातातच. उजवा हात सुजला होता शालूबाईचा, दम लागत होता, आणि तरी तिनं समताले हासून विचारलं होतं, "आणलं काय बाई औषध? भाऊ म्हणे दिवाळीपर्यंत."

समता माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तं बरं झालं असतं, मलेही चढवता आला असता.

"बाबा, तुम्ही म्हणले?"

"हाव."

"मी जुलैत तुम्हाले सांगतलं होतं ना?"

"हाव."

"तुम्ही मले एक फोन केला असता," ती म्हणे, "तं मी त्याच दिवशी गाडीत बसली असती. काकूचे पाय धरले असते, उचलून नेलं असतं अकोल्याले." मंग ती आत निघून गेली. भिमाबाई माझ्याकडे पाहत राह्यली. ती मले रोज दहा गोष्टी ऐकवते. त्या दिवशी ती समताच्या मागं आत गेली.

दुसऱ्याच दिवशी गाडी करून आम्ही शालूबाईले नेलं. समता, उकंडराव आणि मी. मी ड्रायव्हरच्या बाजूले बसलो, मागं वळून पाहायची हिंमत नव्हती. डॉक्टरांनी स्कॅन केलं. लिव्हरमध्ये गेलं होतं, फुप्फुसात गेलं होतं. ऑपरेशनचा विषयच संपला. समतानं विचारलं, "बारा पूर्ण झाल्या असत्या तं?" डॉक्टर बाई चांगली होती. म्हणे, "ते आता कोणी सांगू शकत नाही." पण ती समताकडे न पाहता म्हणली, टेबलाकडे पाहून म्हणली. आमाले समजलं.

गावात आल्यावर मी विळा घेतला आणि चौकातला फ्लेक्स कापून खाली पाडला. पोरं विचारत होती, काका काय झालं? मी त्यांच्या अंगावर ओरडलो. बिचाऱ्यांचा काय दोष.

शालूबाई पुढे पाच हप्ते जगली. समता सुटी वाढवून थांबली, रोज जाऊन बसे. औषधाचं तिनं स्वतः सांगतलं, सारं, काही लपवलं नाही. शालूबाई म्हणे, "जाऊ दे वं. तू पुढं कर. दुसऱ्या कोणाच्या कामी येईन." शेवटी शेवटी ती समताचा हात धरून राहे. म्हणे, "तुहे हात थंडगार आहेत. मले समजते ना आता." मले पाह्यलं की हासे. एकदाही नाही म्हणली की भाऊ तुम्ही असं काऊन केलं. मी वाट पाहत होतो की म्हणन. मार्गशीर्षात, बाजाराच्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरवी झाली. समता नागपूरले परत गेली, माझ्याशी लागेल तेवढंच बोलून. मले अन्न गोड लागे ना. उकंडरावले काही माहीतच नाही, असं मी धरून चाललो होतो. बायकोनं हट्ट केला म्हणून सलाईन सुटली, एवढंच त्याले माहीत असन. एका सकाळी मी ठरवलं, आज सांगायचं. मारलं तं मार खायचा.

तो वावरात गव्हाले पाणी देऊन राह्यला होता. मी बांधावर उभा राह्यलो आणि लांबूनच म्हणून टाकलं, कारण जवळ गेलो असतो तं पुन्हा राहून गेलं असतं. "उकंडराव, शालूबाईले औषध येऊन राह्यलं असं मी सांगतलं. मले तेव्हाच माहीत होतं की ते येत नाही. बंद पडलं होतं. मले माहीत असून मी खोटं बोललो."

त्यानं फावड्यानं एका साऱ्याचं, गव्हाच्या पट्ट्याचं, तोंड बंद केलं, दुसऱ्याचं फोडलं. पाणी वळलं. मंग म्हणला, "मलेही माहीत होतं, भाऊ."

मी खाली बसलो.

"राखीच्या दुसऱ्या दिवशी म्या समताले फोन केलता," तो म्हणला. "इचारलं, औषध कधी येईन बाई. ती म्हणे, काका ते बंद झालं, वाट नका पाहू, काकूची एकही सलाईन चुकवू नका. म्या म्हणलं, चालू आहे ना, तू नको काळजी करू."

"चालू आहे म्हणलं?"

"हाव. लाज वाटली मले. पोरगी एवढी शिकलेली, तिले काय सांगू का आमी सोडून बसलो." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "दिवाळीत तिनं मले तोंडावर इचारलं असतं तं म्या काय सांगतलं असतं? नाही इचारलं तिनं. तुम्हालेही नाही सांगतलं वाटते."

नव्हतं सांगतलं. सारा राग तिनं एकट्या बापावर काढला होता, आणि ह्या माणसाचं खोटं पोटात ठेवून ती नागपूरले गेली होती.

"मंग शालूबाईले?" मी विचारलं. "तिले तू सांगतलं नाही?"

"सांगतलं ना. त्याच दिवशी. ती म्हणे, पण जानराव भाऊ तं म्हणले दिवाळीपर्यंत येते. मंग आमी दोघं चुलीपाशी बसलो इचार करत. तिची बोटं नुकतीच परत आलती. वाकळ शिवे, भाकर थापे, रोज मले दाखवे. अकोल्याले नेलं का रस्ताभर ओकत जाय, आल्यावर तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडे. तुमची पोरगी म्हणे नाही, तुम्ही म्हणे हो. कोणाले जास्त समजते ते आमाले काय माहीत नव्हतं काय, भाऊ? माहीत होतं. पण आमाले हो पाहिजे होतं. आणि हो म्हणणारे तुम्ही एकटेच होते."

"मंग दे ना मले शिव्या!" मी ओरडलो. "दे ना बे कानाखाली! उभा काऊन आहे?"

पाणी साऱ्याबाहेर फुटून वाया चाललं होतं, ते त्याले दिसलंही नाही. मी तोंडावर हात घेऊन रडायले लागलो, मोठ्यानं, साऱ्या शिवाराले ऐकू जाईन असा. जरा वेळानं त्यानं फावडं टाकलं आणि माझ्या बाजूले बांधावर येऊन बसला.